आमच्या व्हॅनच्या आखूड वायरी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मोटार दुरुस्ती व्यावसायिक संघाचे आधारस्तंभ टायरवाले भाऊ. वेळात वेळ काढून, बंब दाराशी उभा करून आलेले प्रमुख पाहुणे, अग्निशमन दलाचे साहेब. व्यासपीठावर डाव्या बाजूला, स्वेटर घालून संकोचून बसलेले दातांचे डॉक्टर, जे परवा रजिस्टरवर सही करून आमचे नातेवाईक झाले. ज्यांच्यासाठी हा हॉल भरला आहे त्या माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं. आणि चहा अजून का आला नाही म्हणून दाराकडे बघणाऱ्या माझ्या सुज्ञ बंधू-भगिनींनो,

कार्यवाह मला म्हणाले, "वहिनी, दोन शब्द बोला." वन्संविषयी दोन शब्द मी घरात रोजच बोलत आले आहे, पण ते व्यासपीठावरून बोलण्यासारखे नाहीत. म्हणून थोडे जास्त बोलणार आहे. आपण सांभाळून घ्याल याची मला खात्री आहे, कारण चहा माझं भाषण संपल्यावरच येणार आहे.

अहो, हा माईक शिट्टी मारतोय. माईकवर आमचे हे बसलेत, वन्संचे धाकटे बंधू. दुकान मूळचं यांचं. लग्न झालं त्या वर्षी यांनी मोठ्या हौसेनं प्लग वायरींचं दुकान काढलं, बायको आणि बहीण अशा दोघींना बाकावर बसवलं, आणि स्वतः रेडिओ दुरुस्त करायला माळ्यावर गेले ते आज खाली आले आहेत. त्यांचंही मी या निमित्तानं स्वागत करते.

आता इथे सगळेच काही आमच्या धंद्यातले नाहीत. बेकरीवाले आहेत, शाळेच्या बाई आहेत. डिझेलवालेही आलेत, ज्यांच्या इंजिनाला प्लगच नसतो आणि ज्यांचं आमच्याकडे आजवर काडीचं काम पडलं नाही. तरी ते आले, हा त्यांचा मोठेपणा. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. ती डिस्ट्रिब्युटरमधून निघते आणि प्लगपर्यंत जाते, आणि तिला नेते ती ही जाड रबरी वायर. तुम्ही म्हणाल, बाजारात तयार सेट मिळतो की! मिळतो. पण तो कंपनीतून जशी निघाली तशीच राहिलेल्या गाडीचा. आपल्या गावात अशी गाडी कुणी पाहिली आहे का? एकीच्या पोटात दुसरीचं इंजिन, त्यावर तिसरीचं झाकण, आणि डिस्ट्रिब्युटर जिथे जागा मिळेल तिथे. अशा गाडीला तयार सेट म्हणजे दुसऱ्याचा बूट. म्हणून लोक आमच्याकडे येतात. आम्ही गाडीचं माप घेतो, रिळावरून वायर कापतो, टोकं सोलतो, रबरी टोपी चढवतो आणि मग क्लिप दाबून बसवतो. आधी टोपी, मग क्लिप. हा क्रम चुकला की टोपी टेबलावर राहते, क्लिप उचकटावी लागते आणि सगळी मेहनत मुसळ केरात. वन्संनी पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे काय, टोपी न घालता क्लिप दाबलेली माझी वायर दुकानाच्या दारावर आठवडाभर टांगून ठेवली.

आमचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, हे लपवण्यात काय अर्थ आहे? अर्ध्या गावानं ते दुकानात बसून ऐकलंय, उरलेल्यांनी रस्त्यावरून. आणि भांडणाचं मूळ होतं माप. मी माप घेते कडक तांब्याच्या तारेनं. प्लगपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत तार वाकवत न्यायची, गरम सायलेन्सरपासून चार बोटं लांब ठेवायची, कापायची, संपलं. तार खोटं बोलत नाही. वन्सं माप घ्यायच्या लोकरीनं. हो, विणकामाच्या लोकरीनं! प्रत्येक गाडीला एक रंग. माप घेऊन झालं की ते धागे बाकामागच्या खिळ्यांवर टांगायचे. आमची भिंत दुरून पाहिली तर एखादी मोठी मेंढी उभी असावी असं वाटायचं.

आता लोकरीनं माप घेतलं की काय होतं? धागा ताणून धरला तर कापल्यावर तो आकसतो आणि वायर आखूड येते. सैल सोडला तर वायर लांब येते. आणि धागा ताणायचा की सोडायचा, हे वन्संच्या मनावर. माणूस आवडला की त्यांचे हात आपोआप सैल पडायचे. नावडला की ताणले जायचे. त्यांना स्वतःला हे मान्य नाही. बघा, आत्ताही मान हलवताहेत. पण गावाला हे माझ्या आधी कळलं होतं.

लोक दुकानातून सेट घेऊन बाहेर पडले की फुटपाथवरच वायरी हातात धरून बघायचे. लांब असल्या की शीळ घालत जायचे. आखूड असल्या की परत आत यायचे, डोक्यावरची टोपी काढून उभे राहायचे आणि विचारायचे, "बाई, आमचं काही चुकलं का?" लग्नाची बोलणी करताना मुलाकडच्यांनी बॉनेट उघडून दाखवल्याची उदाहरणं आहेत. शाळेच्या बाईंनी एका पालकाला सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय, "तुमच्या मुलाचं वागणं नंतर पाहू, आधी तुमच्या वायरी बघा."

आपल्या अध्यक्षांच्या वायरी कित्येक वर्षं आखूड होत्या. भाऊ, सांगू ना? सांगते. त्यांनी एकदा भर दुकानात वन्संच्या लोकरीला मांजराचा खेळ म्हटलं होतं. हात दाखवून अवलक्षण! तेव्हापासून भाऊंची गाडी चढ आला की मिसिंग करायची, ठिणगी चुकून आचके द्यायची, आणि मग वायर सुटून मोठा बार व्हायचा. रस्त्यात बार झाला की लोक म्हणायचे, "अध्यक्ष आले." शेवटी एक दिवस भाऊ मुकाट्यानं दुकानात आले, स्टुलावर बसले, दोन्ही हात पुढे केले आणि अख्खी दुपार वन्संना लोकरीची लडी धरून दिली. त्यानंतर त्यांच्या वायरी बोटभर वाढल्या आणि त्यांची अध्यक्षपदी निवड झाली. योगायोग असेल.

साहेबांचा बंब तर आपण सगळ्यांनी ढकललाय. साहेब दिलदार आहेत, म्हणून हसताहेत. बंब आमच्या दुकानाच्या दाराशी, उजेड अडवून उभा केला होता, एवढाच त्यांचा गुन्हा. पुढचा सेट असा ताणून आला की आग विझली आणि त्यानंतर बंब पोचला. साहेबांनी फुलं पाठवली, बंब लावायची जागा बदलली, आणि गावाची सुरक्षितता पूर्ववत झाली.

हे सगळं मी हसत सांगते आहे. पण आता एक गोष्ट सांगते ती हसण्यावारी नेऊ नका. या गावात सगळ्यांत आखूड वायरी कुणाच्या होत्या? आमच्या. दुकानाच्या व्हॅनच्या. म्हणजे माझ्या, कारण ती मीच चालवते. वन्संना गाडी येत नाही, आणि आमचे हे माळ्यावर.

आमच्या दुकानाचा नियम असा की स्वतःच्या गाडीच्या वायरी स्वतः करायच्या नाहीत. डॉक्टर, तुम्ही तरी स्वतःची दाढ स्वतः काढता का? नाही ना. त्यामुळे व्हॅनचा सेट करायच्या वन्सं. मोहरीसारख्या पिवळ्या लोकरीनं माप घ्यायच्या, आणि दर वेळी सेट आखूड. मी माल द्यायला निघाले की पहिलं वळण नीट, आणि दुसऱ्या वळणावर, कुलपं-किल्ल्यावाल्या काकांच्या दुकानासमोर, इंजिन जरा कलंडलं की वायर प्लगवरून फट्कन निघायची. व्हॅन आचके देत थांबायची. मग थोड्या वेळानं वन्सं एका हातात पक्कड आणि दुसऱ्या हातात चहाचा थर्मास घेऊन, गुडघे सांभाळत रस्त्यानं चालत यायच्या. किल्लीवाल्या काकांनी आमच्यासाठी दोन स्टुलं कायमची बाहेर मांडून ठेवली होती. आम्ही तिथे बसून चहा प्यायचो, दोन शब्द भांडायचो, वन्सं वायर बसवायच्या, आणि मी पुढे जायची.

पहिल्यांदा हे झालं ते लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. त्या दिवशी मी माल द्यायला नव्हते निघाले. दारावर टांगलेल्या त्या वायरीवरून आमचं कडाक्याचं वाजलं होतं. मी पिशवी भरली, व्हॅनमध्ये टाकली आणि "आता मी परत येणार नाही" असं सगळ्या गल्लीला ऐकवून माहेरी निघाले. दुसऱ्या वळणावर वायर निघाली. मी तिथे रडत बसले. माहेरी निघालेल्या बाईची गाडी सासरच्या दुसऱ्या वळणावर बंद पडावी, यासारखी फजिती नाही. वन्सं आल्या, चहा ओतला, वायर बसवली आणि म्हणाल्या, "आता इंजिन गरम आहे. लांब नेऊ नकोस. घरी ने." मी नेली. काय करणार? इंजिन खरंच गरम होतं.

तेव्हापासून वर्षानुवर्षं व्हॅनच्या वायरी आखूड. आणि सगळ्या गावाला आखूडचा अर्थ माहीत! मला वाईट वाटत होतं का? वाटत होतं. अध्यक्षांना माफी मिळाली, बंबाला मिळाली, शववाहिकेच्या त्या उर्मट ड्रायव्हरलासुद्धा मिळाली. मलाच का नाही? एका बाकावर बसलो, एका रिळावरची वायर कापली, माझी मुलं या बाईच्या मांडीवर वाढली. पण विचारायचं कसं? तोंड उघडलं असतं तर मी हरले असते. म्हणून नाही विचारलं. दर वेळी नव्या सेटला मी मनात म्हणायची, या खेपेला तरी बोटभर.

असो. विषयांतर झालं. आपण डॉक्टरांकडे येऊ.

डॉक्टर या गावात आले, दवाखाना थाटला, आणि त्यांची ती करड्या रंगाची छोटी गाडी मिसिंग करते म्हणून आमच्याकडे आली. पहिला सेट वन्संनी केला. जरा सैल आला. मी म्हटलं, नवीन माणूस आहे, चालायचंच. दोन महिन्यांत गाडी परत. दुसरा सेट इतका लांब की वायरी बॅटरीवर लोळायला लागल्या. तिसरा सेट एअर फिल्टरभोवती गुंडाळून बसवावा लागला. चौथ्यानंतर बॉनेट लागेना. डॉक्टर ते दोरीनं बांधून दवाखान्यात जायचे. हुशार माणूस, पदव्या भिंतभर, पण त्यांना वाटलं हल्ली अशीच पद्धत असेल. सगळं गाव ती गाडी बघून गालातल्या गालात हसत होतं आणि या दोघांना पत्ता नव्हता.

आता प्रश्न असा, की चांगल्या वायरींची गाडी दर दोन महिन्यांनी बिघडत का होती? हेही आज सांगून टाकते. डॉक्टर, पाणी घ्या. मी एकदा खिडकीतून पाहिलं. डॉक्टरांनी गाडी आमच्या दुकानाच्या जरा अलीकडे थांबवली, इकडे तिकडे बघितलं, बॉनेटची दोरी सोडली, खिशातून दात काढायचा चिमटा काढला, प्लगवरची टोपी अलगद उपटली आणि मग धापा टाकत गाडी ढकलत दुकानाशी आणली. म्हणाले, "बघा ना, पुन्हा काहीतरी झालं." लोक म्हणतात दात कोरून पोट भरत नाही. भरत नसेल, पण संसार उभा राहतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि तो चिमटाच वन्संच्या मनात भरला, मंडळी. माणूस नंतर. रबरी टोपी वायरीवर ओढून चढवायला त्या चिमट्यासारखं हत्यार नाही. वन्संनी तो मागून घेतला, त्यांनी दिला, आणि मग दवाखान्यात दाढ दुखणारा पेशंट आला की ते तो परत न्यायला यायचे. असं किती वेळा व्हावं? शेवटी दोघांनी ठरवलं, की चिमटा एकाच घरात राहिलेला बरा.

ही बातमी वन्संनी मला बाकावर सांगितली. म्हणाल्या, "वहिनी, मी डॉक्टरांशी लग्न करतेय. ते आपल्या मूळ गावी दवाखाना नेताहेत. मीही जाणार." मी म्हटलं, "बरं." आणि हातातलं काम चालू ठेवलं. संध्याकाळी बघते तर पूर्ण सेट तयार, एकाही वायरीला टोपी नाही. सगळ्या टोप्या टेबलावर ओळीनं बसून माझ्याकडे बघत होत्या. वन्संनी तो सेट उचलला. मला वाटलं, आता दारावर टांगणार. पण त्यांनी क्लिपा उचकटल्या आणि एकेक टोपी चढवत बसल्या.

आता स्वेटर. याबद्दल संघात बरीच कुजबुज आहे, तेव्हा मोकळेपणानं बोललेलं बरं. भिंत मापांच्या धाग्यांनी भरली, कसर लागायला लागली. फेकायचं वन्संच्या जिवावर आलं. म्हणून त्यांनी गावातल्या सगळ्या गाड्यांचे धागे गाठी मारून जोडले आणि डॉक्टरांसाठी स्वेटर विणला. तोच त्यांनी आत्ता घातला आहे. साहेब, तुमचा बंब त्यांच्या डाव्या बाहीत आहे. डॉक्टर, जरा हात वर करा. तो लाल पट्टा. अध्यक्षांची गाडी कमरेपाशी, जांभळी. बेकरीची गाडी गळ्याभोवती. मंडळी, बसून घ्या! आपापला रंग शोधायला पुढे येऊ नका, कार्यक्रम संपल्यावर डॉक्टर दाराशी उभे राहतील.

पण त्यामुळे झालं काय, की एखाद्या गाडीला पुन्हा सेट हवा असला तर माप डॉक्टरांच्या अंगावर! आणि विणलेल्या लोकरीचं माप घ्यायचं तर ती उसवावी लागते. डॉक्टर बिचारे पेशंटचं तोंड उघडं ठेवून दुकानात यायचे, आम्ही हवा तेवढा भाग उसवायचो, वायर कापायचो, वन्सं पुन्हा विणायच्या. शववाहिकेची वायर तातडीनं हवी होती तेव्हा उजवी बाही पूर्ण गेली, आणि भर थंडीत ते एका बाहीनिशी घरी गेले. शववाहिकेत खरं तर घाई कुणालाच नव्हती, पण मागे नातेवाईक उभे होते.

म्हणून लग्नाची बातमी आल्यावर संघाची तातडीची बैठक झाली. टायरवाले भाऊ म्हणाले, "बाई गेल्या तर जाऊ देत, पण स्वेटर गावाचा आहे." काहींचं म्हणणं पडलं की स्वेटर काचेच्या पेटीत ठेवावा. कुणीतरी म्हणालं, डॉक्टरांसकट. अखेर असा तोडगा निघाला की डॉक्टरांनी स्वेटर वापरावा, पण धुऊ नये, आणि वर्षातून एकदा तो अंगावर घालून संघाच्या वार्षिक सभेला हजर राहावं. डॉक्टरांनी मान्य केलं. भाऊ, तुमच्या मुत्सद्देगिरीबद्दल संघातर्फे आभार.

त्या बैठकीत माझं लक्ष ठरावांकडे नव्हतं. मी दुसरंच बघत होते. बैठकीनंतर डॉक्टरांना उभं केलं, गोल फिरवलं, बाह्या उलटवल्या, आतल्या गाठीसुद्धा पाहिल्या. मोहरी रंग कुठेच नव्हता. सगळ्या गावाच्या गाड्या त्या स्वेटरात होत्या, ज्या टॅक्सीवाल्यानं काच फोडली होती त्याचीसुद्धा होती, फक्त आमची व्हॅन नव्हती. मला फार लागलं ते. म्हटलं, घ्या, आखूड तर आखूड, पण आठवणीतसुद्धा नाही! त्या दिवसापासून आज सकाळपर्यंत मी वन्संशी कामापुरतंच बोलले. तुम्हाला फरक कळला नसेल, त्यांना कळला.

आज सकाळी मी व्हॅन काढायला गेले. वन्संनी जायच्या आधी नवा सेट बसवून ठेवला होता. मी बॉनेट उघडलं. आणि मंडळी, वायरी लांब. डॉक्टरांच्या गाडीसारख्या लोळणाऱ्या नाहीत. नीट, ऐसपैस वळण घेऊन, सायलेन्सरपासून चार बोटं दूर, प्रत्येक टोपी घट्ट. अशा वायरी मी या दुकानात आजवर पाहिल्या नाहीत, माझ्या तारेनंसुद्धा केल्या नाहीत. मी तिथेच उभी राहिले. मग आत गेले. वन्सं सामान बांधत होत्या. आणि इतक्या वर्षांनी मी तोंड उघडलं. म्हटलं, "वन्सं, एवढी वर्षं आखूड आणि आज जाताना लांब? हे काय, निरोपाचं दान?"

त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाल्या, "आखूड वायरीची गाडी दुसऱ्या वळणापलीकडे जात नाही. तिथवर मला चालत येता येत होतं. माझे गुडघे तेवढंच ऐकतात."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? पहिल्या वर्षी तू पिशवी घेऊन निघालीस. त्या दिवशी वायर आपली आपण निघाली, माझा हात नव्हता त्यात. पण म्हटलं, बरी युक्ती आहे. तू घरातून चिडून निघाल्याशिवाय एक आठवडा जात नव्हता, वहिनी. कधी माल घेऊन, कधी बिनमालाची. प्रत्येक वेळी तुला अडवायला मी काय तोंडानं बोलणार होते? आपल्याला बोलता कुठे येतं?"

"आणि आता?"

"आता तुला माझ्याकडे यायचंय. तीन गावं ओलांडून. वाटेत वायर निघाली तर थर्मास घेऊन कोण येणार आहे?"

मी विचारलं, "मग स्वेटरात व्हॅन का नाही?" तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि वैतागून माझ्यासमोर धरला. तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. आत्ताही त्यांच्या गळ्यात आहे, बघा. तो ज्या दोरीला अडकवलेला असतो ती दोरी कसली आहे? पिवळी. मोहरीसारखी. व्हॅनच्या मापाचे धागे वेणीसारखे गुंफलेले. जुनी झिजली की नव्या सेटच्या मापाची नवी करायच्या. इतकी वर्षं मी त्या चष्म्यासमोर बसून भांडले आणि दोरी पाहिली नाही. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या अंगावर कशाला घालू? ते माझं आहे."

वन्सं, रडू नका. तुम्ही रडलात तर मीही रडेन आणि मग आमचे हे माईक बंद करतील. मला एवढंच म्हणायचंय की तुमच्यावाचून तो बाक मला नको आहे. मी बसणार, धंदा बंद थोडाच करायचाय, पण नको आहे. मला तुमची सवय झाली आहे, आणि सवय हा शब्दही मी आखूडच वापरते आहे. मला तुम्ही फार आवडता. हे मी घरात बोलू शकत नाही, म्हणून भाड्यानं हॉल घेऊन बोलते आहे.

आता आभार. अध्यक्षांचे, साहेबांचे, चहाची व्यवस्था पाहणाऱ्या बेकरीवाल्यांचे, निष्काम भावनेनं आलेल्या डिझेलवाल्यांचे आणि माळ्यावरून उतरलेल्या आमच्या ह्यांचे मी मनापासून आभार मानते. डॉक्टर, तुमची गाडी सामानानं भरून आमच्या दुकानाशी उभी आहे. त्या लोळणाऱ्या वायरी लांबच्या रस्त्यावर सायलेन्सरला टेकून जळाल्या असत्या, म्हणून संघातर्फे भेट म्हणून आज दुपारी मी तुमच्या गाडीला नवा सेट बसवला आहे. बॉनेटही आता बिनदोरीचं लागतं.

बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल तर आपण मोठ्या मनानं पोटात घालावं. जास्त झालं असेल ते चुकून. कमी एकच आहे, आणि ते चुकून नाही. डॉक्टर, तो सेट मी बोटभर आखूड केला आहे. पहिलं वळण तुम्ही नीट घ्याल. दुसऱ्या वळणावर, किल्लीवाल्या काकांच्या दुकानासमोर, गाडी थांबेल. घाबरू नका आणि चिमटा काढू नका. योग्य मापाचा सेट माझ्या पिशवीत आहे, तो बसवून देईन आणि मग खुशाल जा.

वन्सं, काकांनी दोन स्टुलं मांडली आहेत. मी थर्मास घेऊन येतेच आहे चालत.